लुझिया दरवाजा

"इथं काही घडलं का हो, की नुसत्या भिंतीच आहेत?"

कराडच्या महिला मंडळातल्या एका बाईंनी हे विचारलं, तेव्हा मी देवखोलच्या किल्ल्याच्या तटाची जाडी सांगत होतो. उंची आधीच सांगून झाली होती. समोर बत्तीस बायका, वर चैत्रातलं ऊन आणि मध्ये मी, मुकुंद थळे. वय सव्वीस, इतिहासात एम.ए., दुसरा वर्ग. देवखोल बंदराच्या संग्रहालयाचा एकुलता एक नोकर. काचा पुसायच्या, तिकिटं फाडायची आणि पाहुणे आले की त्यांना गाव दाखवायचं, एवढंच माझं काम. मी मोठा संशोधक आहे आणि हे जगाला कळायचं तेवढं राहिलंय, अशी मात्र माझी पक्की समजूत होती.

"घडलं ना," मी म्हणालो.

काय घडलं, ते खरं म्हणजे फार काही नव्हतं. सतराशे चाळीस साली किल्ल्यातलं धान्य संपलं, पोर्तुगीजांनी बोलणी केली, आपापल्या होड्यांत बसून ते निघून गेले आणि मराठे आत आले. हे सांगितलं असतं तर बायका सरळ बसमध्ये जाऊन बसल्या असत्या. माझ्या मागे तटात समुद्राच्या बाजूला एक बुटका दरवाजा होता. पूर्वी त्यातून मासळी आत आणत. मी त्याच्याकडे बोट केलं.

"हा दरवाजा एका मुलीनं उघडला. आतून."

बत्तीस पदर एकदम सावरले गेले. मुलीला नाव हवं होतं. किल्ल्याच्या पायथ्याच्या चर्चमध्ये सकाळी जमिनीतल्या एका दगडावर मी एक नाव वाचलं होतं. तेच तोंडात आलं.

"लुझिया. लुझिया रोशा. एका मराठा स्वारावर तिचा जीव जडला होता."

पुढचं आपोआप आलं. पहाटेची वेळ, हातातला दिवा, आणि शेवटी कप्तानानं तिला तोफेच्या तोंडी दिलं. प्रश्न विचारणाऱ्या बाई डोळे टिपत होत्या. जाताना त्यांनी माझ्या हातावर नारळीपाकाच्या वड्यांचा डबा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या इतिहासाला कुणी खाऊ दिला होता.

देवखोलात पाहायला कमी नाही. जुन्या कस्टम कचेरीत आमचं संग्रहालय आहे. इस्रायल आळीत ज्यूंचं सिनेगॉग आहे. त्याला गावातले लोक मशीदच म्हणतात, आणि किल्ली शेजारच्या सोडावॉटरच्या दुकानात असते. टेकडीवर सिद्दी सरदाराची कबर आहे. रामेश्वराच्या देवळातली घंटा एके काळी चर्चमध्ये वाजत होती. पण त्या उन्हाळ्यापासून लोक उतरले की पहिल्यांदा विचारायचे, "लुझियाचा दरवाजा कुठला?" आणि मीही प्रत्येक फेरीत तिला एखादा दागिना चढवत गेलो. आधी पैंजण, मग निळे डोळे, मग मरतानाचे शेवटचे शब्द. दिवाळीपर्यंत नवी जोडपी त्या दाराच्या कडीला दोरे बांधायला लागली होती.

संग्रहालयाचे चिटणीस हसन मुकादम मास्तर. पाचवी ते सातवी मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं ते 'देवखोल दर्शन' नावाची पुस्तिका लिहीत होते. पुराव्याशिवाय त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. देवळातल्या घंटेवरची अक्षरं उतरवायला सत्तरीच्या घरातले मास्तर तीनदा शिडीवर चढले होते. तीनदा का, तर दोनदा एक अक्षर नीट लागलं नव्हतं.

एक दिवस त्यांनी मला समोर बसवलं.

"मुकुंदा, ही लुझिया तुला कुठं सापडली?"

"एक कागद आहे, मास्तर. गोव्यात. एम.ए. करताना पाहिला होता."

"मूळ कागद?"

"स्वतःच्या डोळ्यांनी."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मी जरा चाचरत बोललो असतो तरी त्यांनी मला पकडलं असतं. पण मी तेव्हा वड्यांच्या डब्यांवर चांगलाच पोसलेलो होतो. ते फक्त म्हणाले, "शाबास." आणि पुस्तिकेच्या सत्ताविसाव्या पानावर छापलं गेलं : 'ही हकिकत आमचे माजी विद्यार्थी श्री. मुकुंद थळे यांनी मूळ कागदावरून उजेडात आणली.' ते पान मी आईला इतक्या वेळा वाचून दाखवलं की शेवटी ती म्हणाली, "मला पाठ झालंय रे, आता जेव."

पुस्तिकेच्या पाचशे प्रती छापून आल्या. प्रकाशनाच्याच दिवशी त्या दरवाजावर संगमरवरी पाटी बसवायची असं नगरपालिकेनं ठरवलं : 'लुझिया दरवाजा'. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते. मी नवा सदरा शिवायला टाकला.

समारंभाच्या पाच दिवस आधी दुपारी संग्रहालयात एक म्हातारी आली. तिनं तिकीट काढलं नाही, कपाटांकडे पाहिलं नाही, सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"थळ्यांचा मुकुंद तूच ना? मी कातरीन रोशा. पाखाडीतली."

पाखाडी म्हणजे किल्ल्याखालची ख्रिस्ती लोकांची वस्ती. साठ-सत्तर घरं. आमच्याशी ते मराठी बोलतात, आपसात मात्र पोर्तुगीजातून आलेली त्यांची वेगळी बोली आहे.

"बसा ना, कातरीनमाय."

"बसायला नाय आले. माझी नात मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. तिचं नाव ठाऊक हाय तुला?"

मला माहीत नव्हतं.

"लुझिया. आमच्या घरात मोठ्या पोरीला तेच नाव ठेवतात. माझ्या सासऱ्याची मोठी बहीण लुझिया, माझी नणंद लुझिया. आता वर्गात पोरी मागं बसून म्हणतात, बाई, दार उघडा. परवा फळ्यावर दार काढून ठेवलं होतं. आणि त्यात एक बाई, निळ्या खडूनं डोळे रंगवलेली."

निळे डोळे माझेच होते. श्रावणात दिले होते.

"मुलीच त्या, माय," मी हसून म्हणालो. "उलट लोक तिला मानतात. दोरे बांधतात."

"तुमच्यात मानत असतील. तुझ्या आज्जीनं घरात बसून वैऱ्याला दार उघडून दिलं, असं मी बाजारात सांगत सुटले, तर तू तिला हार घालशील?"

मी टेबलावरची तिकिटं सारखी करायला लागलो.

"पाखाडीतले लोक पण टोचून बोलतात. पोर आता नाव बदलते म्हणते. कोर्टाचा कागद आणलाय तिनं. रोझी करून घेते म्हणते." तिनं टेबलावर हात ठेवला. "तो गोव्याचा कागद काय बोलतो, मला सांग. त्यात आमच्या लुझियाचं नाव असेल तर मी गप घरी जाईन."

"कागद... इथं नाही, माय."

"मग इथं जो हाय तो बघ. चल."

ती पुढे आणि मी मागे, असे आम्ही चर्चमध्ये गेलो. आत कुणी नव्हतं. वेदीच्या डाव्या हाताला जमिनीवर काथ्याची जाड चटई होती आणि तिच्या कडेखालून दगडाची एक ओळ बाहेर डोकावत होती. त्या दिवशी सकाळी मी वाचली होती ती एवढीच ओळ. कातरीनमाय गुडघ्यांवर बसली आणि तिनं चटई बाजूला सारली. खाली आणखी पाच ओळी होत्या.

इतिहासात एम.ए. असलेल्या माणसानं ती चटई उचललीच नव्हती. त्याला दोन बोटं पुरली असती.

तिनं अक्षरांवरून बोट फिरवत आधी स्वतःच्या बोलीत वाचलं, मग माझ्यासाठी मराठीत.

"इथं निजलीय लुझिया रोशा. पेद्रो खलाशाची बायको. आठ लेकरांची आय. आठव्याच्या येळेला गेली. तिच्या जीवाला देव शांती देवो." मग ती म्हणाली, "पेद्रोनं होडी विकून हा दगड वसईवरनं आणवला. ते दगडावर नाय, आमच्या घरात सांगतात. आणि हा बग, साल लिवलंय. मला आकडे कळतात. तुला कळतात ना?"

"सतराशे एकोणतीस," मी वाचलं.

"आणि किल्ला कवा पडला?"

"सतराशे चाळीस."

"म्हणजे मेल्यावर अकरा वर्षांनी उठून दार उघडायला गेली होय रे?"

मला हसू आलं. तेही त्या दगडाशी, गुडघे टेकलेल्या बाईसमोर. ती मात्र हसली नाही. चटई नीट सरळ केली, माझ्या दंडाला धरून उठली आणि म्हणाली, "तिनं काय केलं नाय रे. पोरं काढली नि मेली. तिला कशाला ओढलीस?"

"माय, ती पाटी..."

"लागायच्या आत सांग सगळ्यांना. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी घरातल्या माणसाची बाजू घेते. तू रचलंस, तूच सांग."

"मास्तरांनी माझ्या भरवशावर छापलंय हो."

"मास्तर भला माणूस. म्हणून तर तूच सांगायला पायजे."

पुढचे चार दिवस मी किती शूरपणे काढले, ते सांगतो. पहिल्या दिवशी मी ताप यावा म्हणून काखेत कांदा धरून बसलो. ताप आला नाही, आई मात्र दिवसभर घरात कसला वास येतोय ते शोधत राहिली. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी गेलो. ते आरशासमोर शेरवानीची बटणं लावून बघत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच घातली, म्हणाले. भाभींनी गरम सांदणं पुढे ठेवली. मी चार खाल्ली आणि परत आलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा सहा खाल्ली. चौथ्या दिवशी मी स्वतःला समजावलं की इतिहासात असं चालतंच, पाटीवर फक्त नाव आहे, आणि नाव तर खरंच आहे.

रविवारी दरवाजासमोर मांडव पडला. मोठे साहेब, नगराध्यक्ष, बँडवाले, शाळेतल्या मुली आल्या. पाखाडीतले लोक मागे चिंचेखाली उभे होते. तिथे कातरीनमाय होती आणि तिच्या शेजारी हाताची घडी घातलेली एक उंच, सावळी मुलगी. तिचे डोळे काळे होते.

मास्तरांचं भाषण झालं. घंटेचं सांगितलं, सिनेगॉगच्या पायाभरणीचा दगड कुठे सापडला ते सांगितलं. मग म्हणाले, "या पुस्तिकेत माझ्या विद्यार्थ्यानं माझ्यापेक्षा मोठा शोध लावला आहे. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दोन शब्द बोलायला त्यांनी मलाच हात केला.

मी गेलो तो सत्य सांगायचं ठरवून नव्हे. 'मी आभारी आहे' एवढंच बोलून उतरायचं ठरवलं होतं. पण माइकसमोर उभं राहिल्यावर चिंचेखालच्या मुलीनं मान फिरवली, समुद्राकडे. ती माझ्याकडे रोखून बघत राहिली असती तर मला वाटतं मी आभार मानून खाली बसलो असतो.

"लुझियाची गोष्ट खोटी आहे," मी म्हणालो. "असा कुठलाही कागद नाही. ही गोष्ट मी रचली. किल्ला पडायच्या अकरा वर्षं आधी लुझिया वारली होती. ती बाळंतपणात गेली. तिचा दगड चर्चमध्ये आहे. कुणीही बघावा."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, आणि सगळा मांडवच हसायला लागला. टाळ्या पडल्या. मोठे साहेब उठून माझ्या पाठीवर थाप मारत माइकमध्ये म्हणाले, "पाहा! एवढं मोठं संशोधन करून हा तरुण श्रेय घ्यायला तयार नाही! संशोधक असावा तर असा विनम्र!"

"नाही साहेब, खरंच..."

"बस, बस," ते प्रेमानं म्हणाले आणि त्यांनी दोरी ओढली. पडदा बाजूला झाला, बँड वाजला, आणि संगमरवरावर लुझिया रोशा कायमची दरवाजाशी उभी राहिली. आयुष्यात एकदा खरं बोललो आणि त्याबद्दल मला शाल मिळाली.

मांडवात फक्त एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता. मास्तर खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत होते. अंगात शेरवानी, गळ्यात हार, आणि हात मांडीवर. ते उठले, साहेबांना नमस्कार केला आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी संग्रहालय उघडायला गेलो, तर ते पायरीवर बसले होते. शेजारी पुस्तिकांचे गठ्ठे होते.

"ब्लेड आहे?" त्यांनी विचारलं.

तीन दुपारी आम्ही समोरासमोर बसून सत्ताविसावं पान कापत होतो. मास्तर पट्टी लावून कापायचे, पुढच्या-मागच्या पानाला ओरखडा येऊ नये म्हणून. अठ्ठाविसाव्या पानावर सिद्दी सरदाराच्या कबरीची हकिकत होती. त्याच कागदाची ती उलटी बाजू असल्यामुळे तीही गेली. ती जुळवायला मास्तरांना दोन वर्षं लागली होती.

"मास्तर, काहीतरी बोला," तिसऱ्या दिवशी मी म्हणालो.

"काय बोलू? घंटेवरच्या एका अक्षरासाठी मी तिसऱ्यांदा शिडीवर चढलो. गोव्याच्या कागदासाठी मात्र बसमध्येही बसलो नाही. का, तर तू म्हणालास." त्यांनी आणखी एक पान कापलं. "ती चूक तुझी नव्हे, माझी."

त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कापलेल्या जागी चिकटवायला त्यांनी एक चिठ्ठी छापून आणली. त्यावर दगडावरच्या सहा ओळींचं मराठी होतं, कातरीनमायनं सांगितलेलं, तिच्या नावासकट. ही चूक माझी होती असं खाली छापा, अशी मी विनंती केली.

"तुझं नाव एकदा छापून काय झालं ते पाहिलं ना?" मास्तर म्हणाले. त्या तीन दिवसांत ते पहिल्यांदाच जरा हसले.

पाटी मात्र निघाली नाही. नगरपालिकेला मी नऊ अर्ज केले. उत्तर एकाचंच आलं. 'सदर स्थळामुळे पर्यटकांची संख्या वाढली असल्याने विचार करता येत नाही.' संग्रहालयाच्या समितीनंही मला एक पत्र दिलं. समारंभाचा विरस केल्याबद्दल समज. ते मी अजून जपून ठेवलंय. माझ्या नावावर जमा झालेला अस्सल असा तोच एक कागद.

नातीची माफी मागायला मी पाखाडीत गेलो. ती ओटीवर शिवणाच्या मशीनवर बसली होती. पाय थांबवून म्हणाली, "बोला." मी सगळं बोललो, बरंच लांबण लावून. बहुधा त्यातही थोडी सजावट झाली असावी.

"झालं?"

"हो."

"मग जाताना फाटक ओढून घ्या. कोंबड्या बाहेर जातात." आणि तिनं मशीन सुरू केलं.

तिनं नाव बदललं नाही. पुढे उत्तनकडे लग्न होऊन गेली. तिला मुलगी झाली तेव्हा मी कातरीनमायला विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"सबीना," ती म्हणाली. मग तीच पुढे म्हणाली, "पोर त्यांची. ठेवतील तसं नाव."

मास्तर गेले, मग कातरीनमाय गेली. मी तेवीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला खरी हकिकत सांगत राहिलो, आणि पाहुणे नम्रपणे ऐकून घेऊन दाराला दोरे बांधत राहिले.

गेल्या हिवाळ्यात मी फिरत फिरत किल्ल्यावर गेलो होतो. चाळीस माणसांचा एक गट होता. एक तरुण गाईड, कमरेला लाउडस्पीकर, हातात झेंडी. लुझिया आता बुरुजावरून समुद्रात उडी घेत होती, आणि दर पौर्णिमेला तिथे पैंजण ऐकू येत होते. पैंजण अजून तिच्या पायात होते, हे ऐकून माझ्या मनात किंचित अभिमान आला. खोटं कशाला सांगू?

"हे खरं नाही," मी पुढे होऊन म्हणालो. "ती गोष्ट मी रचलीय."

गाईडनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "काका, तुम्ही इथले आहात ते दिसतंय. पण इतिहास जरा वाचायला हवा."

सगळे हसले. मी म्हणालो, "ज्याला दगड बघायचाय त्यानं माझ्याबरोबर या." चाळीसातली एकच बाई आली, पन्नाशीची, पायात कॅनव्हासचे बूट. मी तिला चर्चमध्ये नेलं, चटई बाजूला केली, ओळी वाचून दाखवल्या, होडी विकल्याचं सांगितलं. ती वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"नवरा खलाशी ना?" ती म्हणाली. "मग होडी विकल्यावर त्या आठ लेकरांना खायला कोण घालत होतं?"

मला उत्तर आलं. पुरतं आलं. थोरली मुलगी चौदा वर्षांची, नाव तेरेझा. ती पहाटे दुसऱ्यांची जाळी विणायची, धाकट्याला पाठीला बांधून. डाव्या हाताच्या बोटांना चरे पडलेले. सगळं अगदी ओठांवर येऊन थांबलं, आणि ते फार सुंदर होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिचा चेहरा पडला. तिनं माझे आभार मानले आणि आपल्या लोकांना गाठायला लगबगीनं दरवाजाकडे निघून गेली.